गाळलेल्या सहा ओळी

एक्स्चेंजकाकांना दिसत नाही, हे नव्या माणसाच्या लक्षात यायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. लक्षात आलं की तो माणूस एकदम हळू आवाजात बोलायला लागतो, जणू काका आजारी आहेत. मग काका त्याला सांगतात, "अहो, डोळे गेलेत, कान नाही गेले. आणि कान इतके शाबूत आहेत की तुमच्या डाव्या बुटाची टाच सुटत आलीय हेही कळतंय. दुरुस्तीला टाका, नाहीतर जिन्यात पडाल." माणूस दचकतो, मग हसतो, आणि पुढचं बोलणं सुरळीत होतं.

डोळे गेले ते वयाच्या चौथ्या वर्षी, तापात. त्याबद्दल काका फारसं बोलत नाहीत, कारण त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते पुढचं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. दोनशे चाळीस नंबर तोंडपाठ. कुठला डॉक्टर जिना चढून आलाय, कुठला भांडून आलाय, हे त्याच्या 'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरून सांगायचे. नोकरी संपली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या बायकोलाही तिचं खरं नाव उरलेलं नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवता शिकवता ती गावभर शिवणबाई झाली. लग्न झालं तेव्हापासून घरातलं सगळं वाचन तिच्याकडे. वर्तमानपत्र, पत्रं, औषधाच्या बाटलीवरचा कागद, कादंबऱ्या, सगळं. कपड्याला टाके घालत घालत ती मोठ्यानं वाचायची आणि काका शेंगा सोलत ऐकायचे. दोघांच्या संसारातला सगळ्यात चांगला वेळ तो, असं दोघंही वेगवेगळं, एकमेकांना न सांगता, इतरांना सांगत.

मग पंचवीस वर्षांपूर्वी घरात पेटी आली.

पेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा लोखंडी डबा. पुढे आवाज कमी-जास्त करायची चकती, मागे एक वायर, ती कॉम्प्युटरला लावायची. पडद्यावर जे उमटेल ते पेटी बोलणार. आवाज बाईचा, पण नाकात सर्दी भरलेल्या आणि त्यातून घाई असलेल्या बाईचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, चुकून दोनदा पडलेली जागा, काहीही सोडायची नाही. काका दोन दिवस जेवायला उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःचं स्वतः वाचत होते. शिवणबाईंनी तिसऱ्या दिवशी ताट तिथेच आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "सवतीला पण वाढू का?"

तेव्हापासून पेटीचं नाव सवत. शिवणबाई ते हसत म्हणायच्या, पण पेटीवरची धूळ त्यांनी पंचवीस वर्षांत एकदाही पुसली नाही. ती काका पुसायचे.

निवृत्त झाल्यावर काकांना ब्रेल छापखान्याचं काम मिळालं. अंध मुलांची पुस्तकं तिथे ठिपक्यांत छापली जातात, आणि छापण्याआधी कुणीतरी चुका धरायच्या असतात. काकांची पद्धत अशी: पेटी मूळ मजकूर वाचणार, त्याच वेळी काकांची बोटं ठिपक्यांच्या नमुना पानावरून धावणार. कान आणि बोटं यांचं जुळलं नाही की थांबायचं. या पद्धतीनं त्यांच्या हातून निसटलेली चूक अजून कुणाला सापडलेली नाही, असं छापखान्याच्या बाई म्हणायच्या. काका त्यावर म्हणायचे, "सापडली तरी कळवू नका. म्हाताऱ्याला एवढं तरी राहू द्या."

या सगळ्याला दृष्ट लागली ती जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा. एका सकाळी त्यानं आतून कर्र केलं आणि मान टाकली. कॉम्प्युटरवाल्यानं नवा आणून बसवला. त्यात बोलणारा आवाज आधीच होता, पुरुषाचा, तरुण, गोड, जाहिरातीतला वाटावा असा. पेटीची वायर हातात घेऊन कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, हे आता म्युझियममध्ये द्या. मागे हिच्यासाठी खाच हवी म्हणत असाल तर एक कार्ड टाकून देतो, पण नवी सिस्टिम हिला ओळखत नाही."

काकांनी कार्ड टाकून घेतलं. तरुण आवाजावर आठ दिवस काम करून पाहिलं आणि हात टेकले. तो तरुण फार समजूतदार होता. शब्दात एखादं अक्षर चुकलं तरी तो आपलं आपण सुधारून बरोबर वाचायचा. स्वल्पविराम गिळायचा. नमुना पानात चूक होती आणि ती बोटांना लागत होती, पण कान म्हणत होता सगळं ठीक आहे, आणि बोटं कानाचं ऐकून पुढे सरकत होती. चाळीस पानांत काकांनी तीन चुका सोडल्या. छापखान्याच्या बाईंचा सोमवारी फोन आला. त्या भल्या होत्या, म्हणून फार वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, "काका, भूगोलाचं पुस्तक शुक्रवारी छापायला जायचंय. तोवर तुमची पेटी बोलती झाली तर उत्तमच. नाहीतर या खेपेला दुसऱ्या कुणाकडे देते. तुम्ही विश्रांती घ्या थोडी."

विश्रांती! फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले. कानांनी आणि बोटांनी कमावलेली जागा होती ती, आणि ती जाणार होती एका गोड आवाजामुळे. मग ते उठले आणि म्हणाले, "कर्नल नव्यानं घडवावा लागणार."

"कुणाला?" शिवणबाईंनी सुई थांबवून विचारलं.

"कर्नल गं. कॉम्प्युटरच्या पोटातलं एक्स्चेंज. वर प्रोग्रॅम असतात, खाली वस्तू असतात, कीबोर्ड, स्पीकर, पडदा. थेट कुणी कुणाशी बोलत नाही. मध्ये कर्नल बसतो आणि जोडून देतो."

"म्हणजे तुम्हीच की."

"मी पगार घ्यायचो. तर प्रत्येक वस्तूसाठी त्याच्याकडे एक वेगळा तुकडा असतो, मॉड्यूल म्हणतात. तयार कर्नल येतो त्यात पेटीचा तुकडाच घातलेला नाही. पण कर्नलचा सगळा लिहिलेला मजकूर मिळतो. तो घ्यायचा, पेटीचा तुकडा त्यात धरायचा, आणि मशीनला कळेल अशा रूपात घरीच घडवायचा."

"तयार झग्याला खिसा नसतो, म्हणून कापड आणून घरी शिवायचा," शिवणबाई म्हणाल्या. "मग एवढं कर्नल-बिर्नल काय करताय, सरळ शिवण म्हणा ना."

काका हे कुठे शिकले म्हणाल, तर गावोगावच्या अंध लोकांचा कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं लिहिणारा एक गट आहे, तिथे. निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांवर बोलतात, काका कर्नलवर बोलायचे. पण प्रत्यक्ष घडवला कधी नव्हता. मंगळवारी सकाळी तरुण आवाजाच्या मदतीनं त्यांनी काम चालू केलं. पंखा घरघरायला लागला आणि तरुण एकेक ओळ वाचू लागला. मधूनमधून 'वॉर्निंग' असं म्हणून काहीतरी सांगायचा. पहिल्या दहा वॉर्निंग काकांनी जिवाचा कान करून ऐकल्या. सगळ्या लिहिणाऱ्यांच्या अव्यवस्थितपणाबद्दल होत्या, हे नाव लिहिलंय पण वापरलं नाही, ते वापरलंय पण सांगितलं नाही. अकराव्या वॉर्निंगला काकांनी त्याचा आवाज बंद केला आणि आडवे झाले. तीन वाजता पंखा शांत झाला. काकांनी मॉड्यूलं जागेवर टाकायची आज्ञा दिली, कर्नल जागेवर टाकायची आज्ञा दिली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

कॉम्प्युटर चालू झाला. पंखा फिरला. आणि पुढे काहीच नाही. पेटी बोलेना. तरुणही बोलेना.

काकांनी कीबोर्डवरची चार बटणं दाबून पाहिली. आधी निदान नको असलेला आवाज तरी होता. आता नुसता गरम हवा सोडणारा डबा. चहा आला, गार झाला. बुधवारी सकाळपर्यंत त्यांनी वायर सतरा वेळा काढून लावली. शेवटी जे पंचवीस वर्षांत मागितलं नव्हतं ते मागितलं.

"अगं, जरा वाचून दाखवतेस?"

शिवणबाईंनी हातातला कपडा इतक्या चटकन खाली ठेवला की कात्री जमिनीवर पडली. चष्मा शोधला. खुर्ची ओढली, अगदी चिकटून. काकांना तिच्या हाताला लागलेल्या खडूचा वास आला, मापं आखायच्या खडूचा.

काकांनी आवाजाशिवायच, बोटांच्या भरवशावर नाव आणि पासवर्ड टाकला आणि कर्नलनं सुरू होताना काय काय म्हटलं ते पडद्यावर मागवलं. "खालच्या बाणाचं बटण दाबलं की एक ओळ पुढे सरकेल. माझी बोटं जागेवरून उठायला नकोत, म्हणून तूच दाब. एक ओळ दाबायची, एक वाचायची. इंग्रजी आहे, अर्थ कळला नाही तरी चालेल. नुसतं वाच."

"अर्थ कळतो मला थोडाफार," शिवणबाई फणकारल्या. "तीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरलीत."

आणि त्या वाचू लागल्या. किती वर्षांनी तो आवाज असा शेजारून ऐकू येत होता! काकांना ओळींकडे लक्ष द्यायचं होतं, पण मन मध्येच भलतीकडे जात होतं, शेंगांकडे, त्या जुन्या दुपारींकडे. कीबोर्ड सापडला, असं कर्नल म्हणत होता. डिस्क सापडली. घड्याळ लावलं. सगळं आलबेल. खट, ओळ. खट, ओळ. खट, खट, ओळ.

काकांचे कान टवकारले.

खट, ओळ. खट, एक छोटा श्वास, खट, ओळ. शेवटचं पान येईपर्यंत काका नुसते ऐकत राहिले. वाचून संपलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "या पानावर किती ओळी वाचल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"मी मोजल्या. अकरा. आणि बटण दाबलंस सतरा वेळा. सहा ओळी कुठे गेल्या?"

शिवणबाई खाली पडलेली कात्री उचलायला वाकल्या.

"अगं, सहा ओळी."

"त्या चांगल्या नव्हत्या," शिवणबाई म्हणाल्या.

"चांगल्या नव्हत्या म्हणजे?"

"त्यांत वॉर्निंग लिहिलंय. एका ठिकाणी फेल लिहिलंय. तुम्ही काल दुपारपासून धड दोन घास खाल्ले नाहीत, त्यात आणखी हे कशाला? बाकी सगळं चांगलं लिहिलंय ना त्यानं? ते वाचलं."

काका हसतील असं तुम्हाला वाटेल. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा तापला आणि आवाज चढला, जो सहसा चढत नाही. "मी आंधळा आहे म्हणून मला काय सांगायचं ते तू ठरवणार? त्या सहा ओळींसाठीच तर तुला बसवलं! चांगलं चांगलं काय करायचंय मला? आणखी आंधळं करून ठेवतेस मला!"

बोलून झाल्यावर त्यांनाच ते फार लागलं. शिवणबाई उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं वाचलं. कधी नुकसान झालं का तुमचं?"

"इतकी वर्षं?" काका म्हणाले. "म्हणजे हे आधीपासून चालू आहे?"

शिवणबाईंनी जीभ चावली असणार. मग खुर्ची सरकली. शिलाई मशिनचा खण उघडला, त्यातली बटणं खळखळली आणि एक जुना कागद उलगडल्याचा आवाज आला, घडीवर विरलेल्या कागदाचा.

"तुम्हाला नोकरीला लागून दुसराच महिना होता. हॉस्पिटलचं पत्र आलं होतं घरी. आठवतंय?"

"आठवतंय की. साहेब खूश आहेत म्हणाले होते. फक्त एवढंच, की जोडून देताना वॉर्डाचं नाव दोनदा म्हणा आणि समोरचा हो म्हणेपर्यंत थांबा."

"ते मी म्हणाले होते," शिवणबाई म्हणाल्या. "पत्रात काय होतं ते आता वाचते. एकही शब्द गाळत नाही."

आणि छत्तीस वर्षं उशिरानं काकांनी ते पत्र ऐकलं. लेखी ताकीद होती. साहेब अजिबात खूश नव्हते. महिन्याभरात सात तक्रारी. त्यातली सर्वांत गंभीर अशी, की मोठ्या सर्जनसाहेबांनी ऑपरेशन थिएटर मागितलं असता त्यांना लाँड्री जोडून देण्यात आली, आणि सर्जनसाहेबांनी लाँड्रीतल्या माणसाला पेशंटला भूल देऊन तयार ठेवण्याची सूचना केली, ज्यावर त्यानं 'चादरी वाळल्या की देतो' असं उत्तर दिलं. असा प्रकार पुन्हा घडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. ही जागा डोळस व्यक्तीस द्यावी असा आग्रह असतानाही आपणास संधी देण्यात आली होती, याची नोंद घ्यावी.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. चादरींपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला होता. मग खुर्ची हलायला लागली. "चादरी वाळल्या की!" ते म्हणाले, आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शिवणबाईही हसायला लागल्या, आधी घाबरत घाबरत, मग पदर तोंडाशी धरून.

हसू ओसरलं तेव्हा काकांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. 'मॅटर्निटी, मॅटर्निटी, देतोय हं.' वॉर्डाचं नाव दोनदा म्हणायची ही त्यांची लकब अख्ख्या हॉस्पिटलमध्ये प्रसिद्ध होती. नर्सा नक्कल करायच्या. निरोपाच्या दिवशी सगळा हॉल एका सुरात 'काका, काका, जोडून देतोय हं' म्हणाला होता. पत्रात दोनदा म्हणायचं कुठे नव्हतंच. तक्रारी वाचून, काय केलं म्हणजे त्या बंद होतील हे तिनं स्वतः ठरवलं होतं आणि साहेबांच्या तोंडी घालून सांगितलं होतं. ताकीद मात्र ती एकटीच महिनाभर पोटात घेऊन शाळेत जात होती, आणि ते शीळ घालत कामावर जात होते.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली तर. रोज तुम्ही येईपर्यंत जिवात जीव नसायचा," शिवणबाई म्हणाल्या. "पण घाबरलेला माणूस आणखी चुकतो. शिवणाच्या वर्गात हेच बघितलंय मी. मुलीला 'चुकलंस' म्हटलं की पुढचा टाका हमखास बोटात."

काकांनी तिचा हात शोधून धरला. माफी मागितली ती साध्या शब्दांत, 'मघाशी फार वाईट बोललो, चुकलं माझं' एवढीच. मग म्हणाले, "पण शिवणबाई, हे मशीन माझ्यासारखं नाही. याच्या ताकिदीवर काय करायचं ते तुला ठरवता यायचं नाही, आणि मला कळल्याशिवाय मलाही नाही. वाच त्या सहा ओळी. जशाच्या तशा."

शिवणबाईंनी चष्मा पुसला आणि वाचल्या. सहाही ओळींत मजकूर जवळपास एकच. प्रत्येकीच्या सुरुवातीला एका मॉड्यूलचं नाव, एक आवाजाचं, एक पेटीचं, एक इंटरनेटचं, आणि पुढे 'डिसअग्रीज'. म्हणजे पटत नाही.

"कुणाचं कुणाशी पटत नाही?" शिवणबाईंनी विचारलं.

"मॉड्यूलांचं कर्नलशी. पण असं कसं? एकाच दिवशी, एकाच मजकुरातून दोन्ही घडवलीत. नावही एकच आहे, आकडा न आकडा सारखा. मूळ तयार कर्नलचा जो आकडा होता, तोच मी..." काका थांबले.

"मूळचा होता, त्याचंही नाव हेच?"

"हो."

"मग अदलाबदल झाली असेल," शिवणबाई इतक्या सहज म्हणाल्या की काका त्यांच्याकडे वळले. "अहो, माझ्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. दोघींनी झंपर शिवायला घेतले, चिठ्ठ्यांवर नुसती नावं लिहिली. शेवटी एकीच्या अंगाला दुसरीच्या बाह्या. नाव जुळतंय म्हणून मीही लावू दिल्या आणि मग हात वर होईना. तुमचं अंग जुनं आहे आणि बाह्या नव्या आहेत."

काका कीबोर्डकडे वळले. मग त्यांनी घाईघाईनं एक आज्ञा टाइप केली. "आता चालू असलेला कर्नल कुठल्या तारखेला घडवलाय ते येईल. काय लिहिलंय?"

शिवणबाईंनी तारीख वाचली. आठ महिन्यांपूर्वीची होती.

कालचा कर्नल चालूच झाला नव्हता! जुनाच उठून बसला होता, आणि नव्या मॉड्यूलांनी मात्र जुन्यांच्या जागेवर जाऊन त्यांना पुसून टाकलं होतं, कारण दोघांच्या कप्प्याला नाव एकच. आता नवा का चढला नाही, हा प्रश्न उरला. काकांनी आणखी दोन आज्ञा टाइप केल्या, शिवणबाईंनी एकही अक्षर न सोडता वाचून दाखवलं, अगदी रिकाम्या जागेलाही 'इथे काही नाही' म्हणत. सुरुवातीच्या छोट्या कप्प्यात, जिथे कर्नल ठेवावा लागतो, जागाच शिल्लक नव्हती. कॉम्प्युटरवाल्यानं तिथे मागचे तीन कर्नल तसेच ठेवले होते. नवा आत शिरायला गेला आणि दारातूनच परतला. कॉम्प्युटरनं तशी वॉर्निंगही दिली असणार, काल तीन वाजता, तरुणाचा आवाज बंद असताना.

"म्हणजे तुम्हीही गाळलीत," शिवणबाई म्हणाल्या.

"मी तीस गाळल्या. तू सहाच."

"मग जास्त आंधळं कोण करतंय तुम्हाला?"

"कबूल," काका म्हणाले. "शंभर वेळा कबूल."

कप्प्यातले दोन जुने कर्नल काढून टाकले. मग नव्या कर्नलच्या नावापुढे एक शेपूट जोडायचं ठरलं, म्हणजे पुन्हा कुणाच्या बाह्या कुणाला लागणार नाहीत. काय नाव द्यायचं, असं काकांनी विचारल्यावर शिवणबाईंनी जराही विचार केला नाही. "सवत. आणखी काय?" काकांनी इंग्रजी अक्षरांत सवत लिहिलं आणि काम पुन्हा लावलं.

या खेपेला दोघंही उठले नाहीत. पंखा घरघरत होता आणि शिवणबाई प्रत्येक वॉर्निंग मोठ्यानं वाचत होत्या. पहिल्या दोन-चार घाबरत वाचल्या. मग रंगल्या. "हा बघा, हा म्हणतोय मी हे नाव घेतलं आणि वापरलं नाही. कापून ठेवलेली कॉलर!" एका कागदावर त्या प्रत्येक वॉर्निंगपुढे खूण करत होत्या, ही निरुपद्रवी, ही बघायची. बघायच्या दोन निघाल्या, काकांनी बघितल्या, त्याही निरुपद्रवी ठरल्या. सव्वा चारला पंखा शांत झाला. कर्नल जागेवर टाकायची आज्ञा दिली तेव्हा दोघांनीही श्वास धरला होता.

"काही वॉर्निंग?"

"एकही नाही. खरंच नाही. शपथ."

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. पंखा फिरला. काकांचा एक हात पेटीवर होता आणि दुसरा शिवणबाईंच्या मनगटावर. तीन सेकंद गेले, चार, पाच. मग पेटीच्या पत्र्याला बारीक कंप आला आणि सर्दी झालेला तो घाईचा आवाज बोलू लागला. कीबोर्ड सापडला, पूर्णविराम. डिस्क सापडली, पूर्णविराम. काकांचा जीव भांड्यात पडला. ते काहीतरी ओरडले, काय ते त्यांनाही सांगता येणार नाही.

तेवढ्यात पेटी म्हणाली, "वॉर्निंग." शिवणबाई दचकल्या. पेटीनं सगळं सांगितलं, खणखणीत, चेहऱ्यावर मारल्यासारखं. कुठल्याशा कार्डाची फाइल सापडत नाही, म्हणत होती. ते कार्ड मुळात घरात नव्हतंच.

"किती फटकळ आहे हो ही," शिवणबाई म्हणाल्या. "जरा म्हणून आडपडदा नाही. असं कुणाच्या तोंडावर सांगतात?"

"म्हणूनच पुस्तकं तिच्याकडून वाचून घ्यायची," काका म्हणाले. "पत्रं मात्र आजपासून पुन्हा तू वाचायचीस. इतकी वर्षं छापखान्याची पत्रंसुद्धा मी कॉम्प्युटरवर मागवली, तुझा वेळ जाऊ नये म्हणून. मूर्खपणा केला. त्यांना सांगतो, कागदावर पाठवा."

शिवणबाईंनी खुर्ची मागे सरकवली. काकांना शेजारी कापडाची हालचाल ऐकू आली, आणि मग पेटीच्या पत्र्यावरून पदर फिरल्याची, एकदा पुढून, एकदा मागून.

भूगोलाचं पुस्तक शुक्रवारी दुपारी बारा वाजता छापखान्यात पोचलं. नद्यांच्या धड्यात काकांना एक चूक सापडली होती, जी मूळ पुस्तकातच होती आणि दहा वर्षं कुणाच्या नजरेला पडली नव्हती. डोळस लोकांच्या या कामगिरीवर ते दोन दिवस खूश होते.

पुढच्या आठवड्यात छापखान्याचं पार्सल आलं. आत नव्या पुस्तकाचे कागद होते आणि वर एक पत्र, कागदावर. शिवणबाईंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि वाचायला घेतलं. बाईंनी मनापासून आभार मानले होते. नद्यांच्या चुकीबद्दल तर सगळ्या छापखान्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. इतिहासाचं पुस्तक पाठवत आहोत, चारशे पानांचं, ते तुमच्याशिवाय कुणाला द्यायची इच्छा नाही. इथे शिवणबाईंनी एक छोटा श्वास घेतला. पान उलटलं. मागची बाजू सावकाश बघून झाली, आणि मग त्या म्हणाल्या, "पुढे नेहमीचंच आहे."

काकांनी तो श्वास ऐकला होता. पानाच्या मागे किती मजकूर असेल याचा अंदाजही त्यांना शिवणबाईंच्या थांबण्यावरून आला होता. पार्सल उघडून त्यांनी पहिलं पान मांडीवर घेतलं आणि ठिपके नीट लागावेत म्हणून तळहातानं सपाट केलं.

"बरं," ते म्हणाले, "मग आपण काय करावं म्हणतात त्या?"

"म्हणतात, नकाशांची पानं तेवढी दोनदा बघा."

"दोनदा बघतो," काका म्हणाले, आणि शीळ घालत कामाला लागले.